होडी शिवायची खोली

४ ऑक्टोबर

रंध्या,

पत्र बघून घाबरू नकोस, कुणी आजारी नाही. फोनच करणार होते, पण करवतीच्या मशीनने तुझे कान खाल्ल्यापासून तुझ्याशी फोनवर बोलायचं म्हणजे सगळ्या गल्लीला ऐकवायचं. मागच्या वेळी समोरचा चष्मेवाला येऊन विचारून गेला, भाऊ बरा आहे ना तुमचा. म्हणून पत्र. तूही पत्रानेच उत्तर दे, आणि जरा वाचता येईल असं लिही.

तर, मी होडी करतेय. हसून झालं असेल तर पुढे वाच.

भूगोलाचे सर आठवतात ना, ज्यांचे सगळे कोट माझ्या हातचे? ते मुलाकडे राहायला गेले. जाताना चार सपाट खोकी दुकानात ठेवली आणि म्हणाले, बाई, माझ्याच्याने आता वाकवत नाही, हे तुम्ही करा. मी उघडलं. आत पातळ प्लायवूडचे कापून तयार तुकडे, त्यांच्या कडेकडेने बारीक भोकं, तांब्याच्या तारेचं भेंडोळं आणि एक पुस्तक. रंध्या, होडी शिवतात रे! खिळा नाही, स्क्रू नाही. तुकड्याला तुकडा लावायचा, भोकांतून तार ओवायची आणि पिळायची. सगळे टाके पडले की सपाट फळ्यांना आपोआप पोट येतं. मग आतून सांध्यांवर दोन डबे कालवून केलेला गोंद आणि वर काचेच्या धाग्यांची पट्टी, आपण कोटाला आतून लावतो तशी. बारा फूट लांब, चार फूट रुंद. हे काम सुताराचं नाहीच मुळी, शिंप्याचं आहे. तुम्ही लोकांनी उगाच इतकी वर्षं बळकावून ठेवलं होतं.

आता खरं कारण. मी दुकान बंद केल्यापासून आमच्या डॉक्टरीणबाईंनी धोशा लावलाय की आई, तू माझ्याकडे सातव्या मजल्यावर राहायला ये. दुकानाच्या खोलीत शिकवणी घ्यायला एक मास्तरीणही तिने शोधून ठेवली. मी म्हटलं, खोली मला लागते. कशाला? कामाला. कसलं काम? तेव्हा तोंडातून निघून गेलं, होडीचं. ती इतकी हसली की मला राग आला, आणि रागात आमचं ठरलं. तीस नोव्हेंबरला ती येऊन खोली बघणार. खोली खरोखर कामाची झालेली असेल आणि होडीला पहिला टाका पडलेला असेल, तर मी माझ्या घरात राहणार आणि हा विषय पुन्हा निघणार नाही. नसेल, तर मी बॅग भरायची आणि कुरकुर न करता जायचं. शब्द दिलाय. कपडा ठरल्या तारखेला दिला नाही असं माझ्या हातून एकदाच झालंय, आणि तोही तुझा लग्नाचा कोट, कारण तू शेवटच्या आठवड्यात जाड झालास.

खोली सतरा फूट बाय दहा. दुकानाचं दार सहा फूट रुंद, त्यामुळे होडी बाहेर कशी काढणार हा विनोद करू नकोस, चष्मेवाल्याने केलाय. बाकी काय काय लागेल ते सांग.

तुझी ताई

१२ ऑक्टोबर

ताई,

पत्र मिळालं. होडी शिंप्याने करायची असेल तर पाण्यात उतरवताना मी काठावर उभा राहीन. पोहता येणारं कुणीतरी बाहेर हवं.

तू विचारलंस म्हणून सांगतो. दुकानाची फरशी दाराकडे उतरती आहे, पाणी टाकून धुवायला सोपं जावं म्हणून तूच तशी करून घेतली होतीस. उतरत्या जमिनीवर होडी बांधली की ती पिळवटते, आणि पिळवटलेली होडी जन्मभर एकाच बाजूला वळत राहते. दुसरं, त्या खोलीत अडतीस वर्षांचा कापडाचा भुसा आहे. तो भिंतीत, छतात, पंख्यावर सगळीकडे असणार, आणि तुझ्या ओल्या गोंदात पडणार. तिसरं, थंडी सुरू होतेय. गार खोलीत तो गोंद आठ-आठ दिवस चिकट राहतो. चौथं, त्याचा वास. तू बंद खोलीत बसून तो हुंगत राहिलीस तर मला तिकडे यावं लागेल, आणि ते होडीसाठी नसेल.

शिवाय होडीच्या चारी बाजूंनी माणसाला फिरता आलं पाहिजे. तुझं कापायचं टेबलच अर्धी खोली खातं.

वाईट वाटून घेऊ नकोस, पण भाचीचं म्हणणं अगदीच सोडून देण्यासारखं नाही. सातव्या मजल्यावर उजेड चांगला येत असेल.

तुझा भाऊ

२१ ऑक्टोबर

रंध्या,

उजेडाचं मला सांगू नकोस. काळ्या कापडावर काळा दोरा ओवलाय मी.

तुझी यादी भिंतीवर टाचली आणि एकेकाला उत्तर दिलं. फरशीवाल्याकडून पाणसळ आणली. उतार आहे, तुझं बरोबर. मग कापायचं टेबल मधोमध कापलं आणि त्याच्या दोन घोड्या केल्या, होडी टेकवायला पायांचे आधार. दाराकडच्या घोडीचे पाय अर्धा इंच लांब ठेवले. आता जमीन कुठेही जावो, वरची ओळ सरळ आहे. पाणसळीतला बुडबुडा मधोमध बसून राहतो, हलत नाही. टेबलावर करवत ठेवली तेव्हा हात थांबला, खोटं का सांगू. ह्यांनी दुकानासाठी आणलेली ती पहिली वस्तू. पण ह्यांना जाऊन सहा वर्षं झाली, आणि नुसतं टेबल पुसत बसायला मी काही राहत नाही इथे. कापलं.

भुशाचं म्हणशील तर तीन दिवस डोक्याला फडकं बांधून छतापासून फरशीपर्यंत खोली झाडली, मग ओल्या कापडाने पुसली, मग पुन्हा पुसली. फरशीच्या फटींतून डबाभर टाचण्या निघाल्या. वासासाठी खिडकीतला पंखा उलटा बसवून घेतला, आतली हवा बाहेर फेकतो. रंगवाल्याकडून तोंडाला लावायचा मुखवटाही आणलाय. तो घालून दार उघडलं तर दूधवाला दोन पावलं मागे सरकला. गोंदाचे डबे पत्र्याच्या पेटीत आहेत आणि पेटीत एक बल्ब जळतो, उबवायला ठेवलेल्या अंड्यांसारखे. होडीवर टाकायला जुन्या गाद्यांची आवरणं जोडून मोठा पडदा शिवलाय, त्याखाली ऊब धरून राहील. चारी बाजूंनी अडीच फूट वाट आहे. मी फिरून बघितलं, माझ्यासारखी भरलेली बाई फिरते म्हणजे कुणीही फिरेल.

आता तुझं काम. घोड्यांवर होडीचं पोट टेकवायला दोन कमानी लागतात, खोलगट, पुस्तकातल्या आकृतीप्रमाणे. आकृती सोबत पाठवतेय. गोल कापणं मला जमणार नाही, हे मी कबूल करते, जपून ठेव हे पत्र. घोड्यांवर बसवायला खाचा केल्या आहेत. या खाचेपासून त्या खाचेपर्यंत बरोबर अठ्ठेचाळीस इंच. दोनदा मोजलंय.

ताई

३० ऑक्टोबर

ताई,

मला वाटलं होतं तू टेबलाशी अडशील.

कमानी केल्या. सहा वर्षं पेटीतून हत्यारं काढली नव्हती, रंध्याच्या पात्याला गंज होता. तो घासण्यातच एक दिवस गेला. शेजारचा विचारायला आला की आवाज कसला. मी म्हटलं, बहिणीची होडी. मग त्यानेच फळीचं एक टोक धरलं.

अठ्ठेचाळीस इंच म्हणजे अठ्ठेचाळीस इंच, सूतभर इकडे नाही की तिकडे नाही. माल वाहणाऱ्या ट्रकने पाठवल्या आहेत, आठवड्यात पोचतील. कडा घासून गुळगुळीत केल्या आहेत, तुझ्या होडीला ओरखडा यायचा नाही. आल्या की कळव.

तरीही पुन्हा सांगतो, नाही जमलं तर त्यात कमीपणा नाही. सत्तरीला टेकलेल्या बाईने होडी केली नाही म्हणून कुणी बोट दाखवत नाही.

रंध्या

८ नोव्हेंबर

सुतारसाहेब,

कमानी आल्या. सुरेख आहेत. फक्त बसत नाहीत!

दोन्ही आखूड आहेत, चांगल्या बोटभर. एक टोक खाचेत टेकवलं की दुसरं खाली पडतं. चष्मेवाला, फरशीवाला आणि मी, तिघांनी मिळून चार वेळा लावून बघितल्या. चष्मेवाला म्हणाला, भाऊसाहेबांची नजर तपासायला हवी. मी ऐकून घेतलं, काय करणार? आयुष्यभर लोकांची दारं-खिडक्या करणारा माणूस बहिणीच्या वेळेला आखूड कापतो! अरे, थोडी माया तरी ठेवायची. आम्ही साध्या झबल्यालासुद्धा शिवणीच्या आत दोन बोटं जादा कापड ठेवतो, उद्या उसवून वाढवता यावं म्हणून. तुला एवढं सुचू नये?

बावीस दिवस उरलेत. नव्या करून पाठव. आणि या वेळी मोजून.

ताई

१३ नोव्हेंबर

ताई,

लाकडात माया ठेवत नाहीत. लाकूड उसवता येत नाही.

कमानी मी तीनदा मोजल्या होत्या, पोलादी पट्टीने. तू कशाने मोजलंस? तोच पिवळा कापडी टेप ना, जो गळ्यात घालून तू जेवायलाही बसायचीस? फरशीवाल्याकडून पोलादी टेप माग. दोन्ही शेजारी शेजारी जमिनीवर पसर आणि साठ इंचांवर काय दिसतं ते बघ. मग मला शिव्या घाल.

रंध्या

१७ नोव्हेंबर

रंध्या,

पाऊण इंच. माझ्या टेपाचे साठ इंच म्हणजे खरे पावणेएकसष्ट. ओढून ओढून लांबलाय.

एकोणीस वर्षं हा एकच टेप वापरला. त्याच्या आधीचाही असाच म्हातारा होऊन गेला असणार. गल्लीतल्या प्रत्येक माणसाची मापं माझ्या वहीत आहेत, आणि सगळी चुकीची. मी लोकांना छातीठोकपणे सांगायची, माझं माप चुकलं तर दुकान बंद करीन. तू म्हणालास पोलादी पट्टीने मोजल्या, आणि मी तुझ्या नजरेवर खापर फोडलं. चष्मेवाल्यासमोर फोडलं. माफ कर.

तुझं बरोबर होतं, आणि तिचंही. जिला आपला टेप लांबलेला कळत नाही, तिने एकटीने गोंद कालवू नये. डॉक्टरीणबाईंना उद्या कळवते की तीस तारखेला गाडी घेऊनच ये. खोक्यांना पुन्हा दोरी बांधलीय.

ताई

२० नोव्हेंबर

ताई,

आधी खोक्यांची दोरी सोड. मग बसून वाच.

तू कुणाचंही माप चुकवलेलं नाहीस. माणूस त्याच टेपाने मोजलास आणि कापडही त्याच टेपाने कापलंस. चूक दोन्हीकडे सारखीच, म्हणजे कपडा बरोबर. तुझ्या हातचा माझा लग्नाचा कोट आजही खांद्यावर बसतो, पोटावर नाही, आणि त्याचा दोष टेपाला देता येत नाही. तुझ्या खोलीत तुझा टेप अगदी खरा होता. दुसऱ्याच्या पट्टीशी गाठ पडली तेव्हाच तो लांबलेला ठरला. आणखी एक हिशेब मी केला. छत्तीसची कंबर तुझ्या टेपावर साडेपस्तीस भरते. उगाच नाही बायका तीन गल्ल्या ओलांडून तुझ्याकडे यायच्या!

खाचांचं एवढं काही नाही. प्रत्येक खाचेत अडीच सूत, म्हणजे पाव इंचाहून जरा जास्त जाडीची चपटी पट्टी ठोक, कमान घट्ट बसेल. मी आयुष्यभर अशा पट्ट्या ठोकत आलोय, गिऱ्हाइकाला दिसत नाहीत एवढंच.

आता माझं पाप. ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच भाचीचं पत्र आलं होतं. मामा, तिला होडीपासून परावृत्त करा, तुमचं ती ऐकते. मी हो म्हटलं. फरशी, भुसा, थंडी, वास, सगळं मी तुला घाबरवायला लिहिलं होतं. त्यातलं एकही खोटं नव्हतं, पण हेतू खोटा होता. उन्हाळ्यात तू दुकानात स्टुलावरून पडलीस ते मला चार दिवसांनी कळलं. तेव्हापासून तू तिच्या डोळ्यांसमोर असावीस असं मला वाटायचं. मला भीती वाटते, ताई. तुझ्याशिवाय मला रंध्या म्हणणारं आता कुणी नाही.

पण तू माझी एकेक शंका निकालात काढलीस. टेबल कापलंस हे वाचलं त्या दिवशी मी फितूर झालो, तुझ्या बाजूने. कमानी मी मनापासून केल्या आहेत. त्या कुणाच्या तरी माळ्यावर पडाव्यात असं मला वाटत नाही. भाचीला काल लिहून टाकलंय की मामा या कामातून मोकळा झाला.

दहा दिवस आहेत. तुला भरपूर झाले.

रंध्या

३ डिसेंबर

रंध्या,

फितुरा, तुझं पत्र वाचून मी आधी रडले, मग तुला चार शिव्या घातल्या आणि मग पट्ट्या ठोकायला बसले. अडीच अडीच सूत, फरशीवाल्याच्या पोलादी टेपाने मोजून. कमानी अशा बसल्या की चष्मेवाल्याने टाळी दिली. भाऊसाहेबांची नजर ठीक आहे, असं त्याच्याकडून वदवून घेतलं. अठ्ठावीसला तुकडे कमानींवर मांडले आणि मधल्या शिवणीला पहिला टाका घातला. त्या दिवशी चौदा टाके घातले, मग कंबर म्हणाली पुरे.

तीस तारखेला डॉक्टरीणबाई अकराला आल्या, मी आधी कळवलं होतं तशा गाडी आणि तीन रिकाम्या बॅगा घेऊन. दारात उभी राहिली. घोड्या बघितल्या, पेटीतला बल्ब बघितला, उलटा पंखा बघितला. वाकून पाणसळीतला बुडबुडासुद्धा बघितला. सासरा सून बघायला यावा तशी ती खोलीभर फिरली, आणि शेवटी काय म्हणाली माहीत आहे? आई, तारा फार आवळल्यास, इथे लाकूड फुटेल. मी म्हटलं, तुला काय कळतं? तिने पिशवीतून आपली दवाखान्यातली पकड काढली. म्हणाली, हलणारे दात आम्ही अशाच तारेने बांधतो, आधी सैल पिळायची, सगळ्या झाल्या की मग एकेक आवळत जायची. आणि करून दाखवलं. रंध्या, माझ्या लेकीचा टाका माझ्यापेक्षा चांगला आहे! मी तिला कधी सुई धरायला शिकवली नव्हती, अभ्यास कर म्हणून दुकानातून हाकलायची. चार वाजेपर्यंत आम्ही बांधत होतो, मी बाहेरून ओवायची आणि ती आत वाकून पिळायची. जेवायचंही राहिलं.

मग ती हात धुऊन आली आणि म्हणाली, तू जिंकलीस. आणि स्टुलावर बसून रडायला लागली.

मला वाटलं, हरली म्हणून. तसं नव्हतं ते. म्हणाली, आई, दिवसभर माझ्यासमोर माणसं तोंड उघडून बसतात आणि एकही बोलत नाही. घरी जाते तर घरही तसंच. मला वाटलं होतं तू येशील. मी इतके महिने समजत होते की तिला माझी काळजी वाटते म्हणून ती मला नेतेय. अरे, तिला मी हवी होते. एवढं साधं मला कळू नये? आणि तिनेही ते सरळ सांगू नये? आपल्या घराण्यात सगळेच असे कसे रे?

काल तिच्याकडे गेले. तिने माझ्यासाठी खोली केलीय, मला न सांगता. शिवायचं मशीन ठेवायला जागा, डाव्या हाताला खिडकी, आणि भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नवंकोरं कापायचं टेबल. मी त्याच्याशी जाऊन उभी राहिले आणि हात ठेवला. उंची अशी बरोबर की कोपर कुठे वर जाईना की खाली येईना. विचारलं, हे माप कुठून आणलंस? म्हणाली, मे महिन्यात तू ओट्याशी भाजी चिरत होतीस तेव्हा मागून घेतलं. मला आठवलं. ती पोलादी टेप घेऊन उभी होती, आणि मी विचारलं तर पडद्यासाठी म्हणाली होती. रंध्या, अडतीस वर्षं मी अख्ख्या गल्लीची मापं घेतली. माझं माप आजवर कुणी घेतलं नव्हतं. ती विचारत होती, उंच झालंय का, कमी करू का? मी मान हलवून नको म्हटलं.

राहायला जाणार नाही. ठरलं ते ठरलं, आणि तिनेही ते मान्य केलं. पण या होडीला शीड लागतं, आणि सरांच्या खोक्यात शिडाचं नुसतं कापड आहे, शिवलेलं नाही. माझ्या खोलीत आता होडी बसलीय, तिथे कापड पसरायला जागा उरली नाही. म्हणून गुरुवारी तिचा दवाखाना बंद असतो तेव्हा मी तिच्याकडे शीड शिवणार, आणि रविवारी ती माझ्याकडे तारा बांधणार. मुक्काम करायचा की नाही ते त्या त्या गुरुवारी ठरवू.

उद्याच पहिला गुरुवार. कापडाची गुंडाळी लांबलचक आहे, तिच्या लिफ्टमध्ये मावायची नाही. सात मजले जिन्यानेच न्यायची ठरलंय, एक टोक तिच्या खांद्यावर आणि एक माझ्या.

ताई